पालथं पाऊल

कनेलाची कास भरायला लागली, त्या आठवड्यापासून एदिल्माने सगळ्यांवर संशय घ्यायला सुरुवात केली.

पहिला संशय विमानावर. मंगळवारी आणि शुक्रवारी ते लोमा पार्दाच्या टेकड्यांवरून इतकं खालून जायचं की चिंचेवरचे पोपट कलकलाट करत उठायचे. जाता जाता त्याच्या पोटातून माश्या सांडायच्या. रेडिओवर सांगत होते की या सरकारने मुद्दाम वाढवलेल्या माश्या आहेत, किडे पाडणाऱ्या माशीचं बी नाहीसं करायला सोडल्यात. एदिल्माने हे तीनदा ऐकलं आणि तीनदा नाक मुरडलं. माशीवर उपाय म्हणे माशी! उद्या उंदीर झाले तर विमानातून उंदीर सोडाल?

ती माशी तिच्या ओळखीची होती, म्हणून तर हा सगळा घोर. साधी माशी मेलेल्यावर बसते, ही जित्यावर बसते. तारेचा ओरखडा, गोचीड चावल्याची खूण, नव्या वासराची ओली नाळ, एवढं तिला पुरतं. आज अंडी घातली की उद्या अळ्या, आणि अळ्या डोकं खाली घालून मांसात स्क्रूसारख्या शिरत जातात. एदिल्मा नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी एका खोंडाला अशा अवस्थेत गोळी घातली होती. मग पुष्कळ वर्षांनी माशी गेली, आणि त्यानंतर वीस वर्षं तिचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. नवी पोरं तर म्हणायची, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. यंदा ऑगस्टात ती परत आली आणि म्हाताऱ्यांच्या गोष्टी खऱ्या झाल्या.

कनेला बारा वर्षांची होती. दालचिनीच्या रंगाची, म्हणून कनेला. तिच्या आजीला एदिल्माच्या आईने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं, आणि त्या वंशातली आता ही एकच उरली होती. मागची दोन वेतं वाया गेली. यानंतर ती पुन्हा गाभण राहणार नाही, हे एदिल्माला तिच्या चालण्यावरून कळत होतं. म्हणजे जे काही यायचं, ते या एका वासराच्या रूपाने यायचं. ते कालवड असावं, एवढंच मागणं तिने मेरी मातेपुढे ठेवलं होतं. नाळेचं मात्र मातेवर सोडलं नव्हतं. ते काम आपलं.

दुसरा संशय इत्सेलवर.

इत्सेल पशुखात्याची. पंचविशीतली पोर, शहरातून आलेली, कमरेला पिशवी आणि पिशवीत काचेच्या बाटल्या. ती जीप लांब उभी करून चालत यायची आणि एदिल्माच्या फाटकाशी थांबायची. पुढे यायची सोयच नव्हती. तिथूनच ती आदराने हाक मारायची, दोन्या म्हणजे बाईसाहेब.

"दोन्या एदिल्मा, गाय कधी विणार?"

"तिला विचार."

"पहिल्याच तासात नाळेवर औषध मारायला हवं. मी येऊन मारून जाते, पाच मिनिटांचं काम."

"तुझ्या बुटांना दिदिमोच्या गोठ्यातला चिखल आहे. त्याच्या वासराला किडे पडलेत आणि तोच चिखल तू माझ्या दारात आणलास."

"बूट औषधाने धुऊनच निघाले तिथून."

"मग शेणाचा वास कुठून येतोय?"

इत्सेलने हवेत नाक फिरवलं. "माझ्याकडून नाही येत, दोन्या. तुमच्याकडून येतोय."

एदिल्माला हसू आलं होतं, पण ते तिने गालातच दाबलं. सरकारी माणसापुढे एकदा हसलं की दुसऱ्या दिवशी ते खुर्ची मागतं.

"आणि त्या तुमच्या माश्या?" ती म्हणाली. "दिवसभर त्या टाकता आणि वर औषधाची बाटली घेऊन येता. चांगला धंदा आहे."

"त्या वांझ आहेत," इत्सेल म्हणाली. हे वाक्य तिने या महिन्यात शंभर फाटकांवर म्हटलं असावं, तिच्या आवाजावरून तसं वाटत होतं. "नर वांझ केलेत. या माशीची मादी जन्मात एकदाच नराला लागते. ती आमच्या नराला लागली की तिची सगळी अंडी फुकट."

"नर वांझ?"

"हो."

"म्हणजे नरही वांझ असतो, हे सरकारला ठाऊक आहे?"

"सरकारनेच केलेत ना."

एदिल्मा कुंपणाच्या खांबाला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पोरी, हे सांगायला तू तीस वर्षं आधी यायला हवी होतीस. माझ्या दोन नवऱ्यांना सांगितलं असतंस. एक तेच तेच ऐकवत मेला, दुसरा तेच ऐकवत शहरात पळाला."

पण फाटक तिने उघडलं नाही ते नाहीच. इत्सेलनेही आग्रह सोडला आणि खिशातून नकाशा काढून खांबावर पसरला. त्यावर चार लाल टिपके होते. दिदिमोचं वासरू. साएसांची डुकरीण. चर्चच्या राखणदाराची घोडी. आणि दुकानवाल्या एनेइदाचा कुत्रा.

"हे मला जुळत नाही," इत्सेल म्हणाली. "गुरं इकडून तिकडे हलवल्याने पसरतंय म्हणावं, तर एनेइदाकडे गुरंच नाहीत. तिचा कुत्रा दुकानाची पायरी सोडत नाही. कोणीतरी काहीतरी लपवतंय."

"माझ्याकडे बघून का बोलतेस?"

"मी सगळ्यांकडे असंच बघून बोलते."

लपवत तर सगळेच होते. खात्याला किडे सापडले की फाटकाला पिवळी पट्टी लागायची आणि महिनाभर एकही जनावर बाहेर काढता यायचं नाही. त्यामुळे जखमेत काही वळवळताना दिसलं, की लोक इत्सेलला नव्हे, निकानोरला बोलवायचे.

निकानोर एदिल्माचा पाद्रिनो. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने तिला हातावर धरलं होतं, आणि बाप गेल्यावर बापाच्या जागी तोच. शहात्तर वर्षांचा, उंच, काडीसारखा. त्याच्याकडे किड्यांचं गुपित होतं. हे गुपित पुरुषाने बाईला द्यायचं, बाईने पुरुषाला, तेही गुड फ्रायडेला. उगाच कोणाला सांगितलं तर त्याचा जोर जातो. त्याला ते त्याच्या आत्याने दिलं होतं. निकानोर जखमेकडे कधीच बघायचा नाही. म्हणायचा, जखम बघितली की गुपित बुजतं. तो फक्त जनावराचं नाव आणि रंग विचारायचा, चिखलात त्याचं पाऊल शोधायचा, सुरीने पावलासकट ढेकूळ कापायचा, त्याच जागी पालथं घालायचा, वर दोन काड्या आडव्या-उभ्या ठेवायचा आणि पुटपुटायचा. तिसऱ्या दिवशी किडे गळून पडायचे. खरंच पडायचे, लोकांनी बघितलेलं होतं.

वीस वर्षं माशीच नव्हती, तर गुपितालाही काम नव्हतं. निकानोर दुकानासमोर बसून डॉमिनो खेळणारा एक म्हातारा होऊन राहिला होता. यंदा मात्र त्याला बोलावणी येत होती. घरोघर कॉफी, जाताना कोंबडी, आणि लोक पुन्हा टोपी काढून आदराने "डोन निकानोर" म्हणू लागले होते.

एदिल्माकडे तो दिवसाआड यायचा.

"आशीर्वाद द्या, पाद्रिनो."

"देव तुला चांगली ठेवो, पोरी. कनेला काय म्हणते?"

"आठवडाभरात व्यायला हवी."

"भिऊ नकोस. मी आहे."

गोठ्यामागच्या बाकड्यावर तो बसायचा. हल्ली हातात काठी असायची. गुडघा धरलाय म्हणायचा, पावसाळ्यात धरतोच. एदिल्मा त्याला कॉफी आणि मक्याची तळलेली जाड भाकरी आणून द्यायची आणि पुन्हा धारेला बसायची.

एके दिवशी धार काढताना तिला वास आला.

गोडसर, कुजका, ओल्या चिंधीत गूळ सडावा तसा. हा वास तिने नऊ वर्षांची असताना घेतला होता आणि तेव्हापासून नाकात जपून ठेवला होता. चरवी तिथेच टाकून तिने सातही जनावरं पालथी घातली. कान, खुरांच्या बेचक्या, शेपटीखाली, कासेच्या मागे. कनेलाला तर दोनदा. काही नाही. संध्याकाळपर्यंत वास गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला. तिने विमानाला शिव्या दिल्या. मग इत्सेलला दिल्या, ती कुंपणावरून काहीतरी टाकून गेली असेल म्हणून. मग पुन्हा सगळी जनावरं तपासली.

आणि तेव्हाच तिला ते ढेकूळ दिसलं.

गोठ्यामागे, बाकड्यापासून हातभर अंतरावर. चौकोनी कापलेलं, पालथं घातलेलं, वर दोन काड्या. एदिल्मा तशीच उभी राहिली. तिच्या एकाही जनावराला किडे नव्हते. तिने कोणाला पाऊल घालायला सांगितलं नव्हतं. मग हे कोणाचं?

तिने काड्या बाजूला केल्या, ढेकूळ उलटं केलं आणि हात मागे घेतला. आत खूर नव्हता. टाचेला चीर असलेल्या, माणसाच्या गमबुटाचा ठसा होता.

जनावराचं पाऊल पालथं घालतात ते बरं व्हायला. माणसाचं पाऊल पालथं घालतात ते कशाला, हे लोमा पार्दात कोणी मोठ्याने बोलत नाही. एदिल्माने इकडे तिकडे बघितलं, मग हळूच आपला पाय त्या ठशावर ठेवला. ठसा दोन बोटं मोठा निघाला. तिचा नव्हता तर! जीव जरा खाली बसला आणि लगेच पुन्हा वर आला. तिचा नाही, मग कोणाचा? आणि तिच्या गोठ्यामागे, कनेला विणार त्या जागेपासून दहा पावलांवर?

ढेकूळ टोपलीत घालून, वर केळीचं पान झाकून ती एनेइदाच्या दुकानात गेली. सगळ्या वस्तीचे गमबूट एनेइदाकडचेच, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

"हे माप कोणाचं?" तिने पान उचललं.

एनेइदाने चष्मा लावला. ती एदिल्माला मैत्रिणीच्या नात्याने कोमाद्रेच म्हणायची. "कोमाद्रे, तू आता चिखल विकायला लागलीस?"

"माप सांग."

"बेचाळीस. नाहीतर त्रेचाळीस. दिदिमो घेतो, राखणदार घेतो, तुझा पाद्रिनो घेतो, आणि माझा नवरा घेतो पण कामाला घालत नाही. कशाला हवंय?"

"पालथं घातलेलं सापडलं. माझ्या गोठ्यामागे."

"अय्या, तसं एक माझ्याकडेपण होतं की! आंब्याखाली, डॉमिनोच्या टेबलाशी. मी उचलून बघितलं नाही. म्हटलं डोन निकानोरने माझ्या कुत्र्यासाठी घातलं असेल. भला माणूस आहे. कोंबडीसुद्धा मागितली नाही."

"कुत्र्याला किडे पडल्यावर घातलं ना?"

"हो, मग?" एनेइदा बोलली आणि थांबली. बोटांवर काहीतरी मोजायला लागली. "नाही गं. कुत्र्याचा कान साएसांच्या बोक्याने फाडला तो नंतर. ढेकूळ आधीपासून होतं. चांगलं पंधरा-वीस दिवस आधी. मी त्यावरून ठेचकाळले होते, आणि तो माझ्या बहिणीचा वाढदिवस होता."

"किडे पडायच्या आधी त्यांनी पाऊल घातलं?"

"पुढचं कळत असेल त्यांना," एनेइदा म्हणाली. पण चष्मा काढून पुसायला लागली, आणि ती चष्मा कधी पुसत नसे.

परतताना एदिल्माच्या डोक्यात इत्सेलचा नकाशा उघडला. दिदिमो. साएस. राखणदार. एनेइदा. या चारही घरी बसून कॉफी पिणारा माणूस एकच. वीस वर्षं त्याला कोणी विचारलं नाही, आणि आता लोक टोपी काढतात. कुंपणच शेत खात असेल तर? हा विचार आला तसा तिने क्रूस केला. ज्याने आपल्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, त्याच्याबद्दल असला विचार करणं म्हणजे पापच. पण मनात वळवळ सुरू झाली की ती क्रूसाने थांबत नाही. ती आतच शिरत जाते.

घरी येऊन तिने ढेकळाच्या जागी सुरीने उकरलं. माती मोकळी होती, कोणीतरी हातांनी भुसभुशीत केल्यासारखी. चार बोटांखाली तांबूस-काळे दाणे लागले. कॉफीची बी वाटावी असे, पण हलके. अकरा. त्यातल्या चारांचं टोक टोपणासारखं उघडलेलं, आत पोकळ. एदिल्माने ते चीजच्या बरणीत घालून झाकण गच्च लावलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कनेला उठबस करू लागली. शेपूट वर, नजर कुठेतरी लांब. आणि कनेलाने पहिली कळ दिली तेव्हाच निकानोर फाटकाशी आला.

एदिल्मा फाटकापाशी गेली, पण कडी काढली नाही.

तो थांबला. वाट बघितली. "आज आशीर्वाद नको का?"

"आधी हे बघा." तिने ढेकूळ कुंपणावरून त्याच्यासमोर धरलं. "हा बूट तुमचा."

"बूट सगळ्यांचेच—"

"डाव्या टाचेला चीर आहे. तुमच्या बुटाला आत्ता या क्षणी तीच चीर आहे, मी इथून बघतेय."

निकानोरने खाली बघितलं. आपल्याच पायाने चुगली केली याचा त्याला राग आलेला दिसला.

"आणि हे त्याच्याखाली होतं," ती बरणी वर करत म्हणाली. "दिदिमोकडे, साएसांकडे, एनेइदाच्या आंब्याखाली. किडे पेरता, पाद्रिनो? म्हणजे नंतर काढायला बोलावणं येईल?"

 म्हातारा रस्त्याकडेच्या दगडावर बसला, आणि तो बसल्याबरोबर वारा तिच्या दिशेने आला. ओल्या चिंधीत सडलेला गूळ.

एदिल्माच्या हातातली बरणी खाली आली.

"पाय दाखवा," ती म्हणाली. आवाज आता वेगळा होता.

"गुडघा आहे."

"पाय दाखवा म्हणते ना."

बूट निघायला वेळ लागला. घोट्याच्या वर, जुन्या शर्टाच्या बाहीची पट्टी बांधलेली होती. ती सोडल्यावर खाली नाण्याएवढं भोक, आणि त्यात शिजत्या भातासारखी हालचाल.

"तार लागली," तो म्हणाला. "ऑगस्टात. जरासं खरचटलं होतं."

"आणि तीन महिने तुम्ही—"

"आपलं आपल्यावर गुपित सहजी लागत नाही. आत्या म्हणायची, स्वतःच्या अंगणात तर मुळीच नाही, परक्या जमिनीवर घालून बघ. म्हणून जिथे बोलावणं यायचं किंवा नुसता बसायला जायचो तिथे, कोणी बघत नसताना माझंही एक घालायचो. बसायचो, माती मोकळी करायचो, पाय वर धरायचो आणि म्हणायचो." त्याने मान वर केली. "आणि पडायचे, एदिल्मा! दरवेळी दहा-बारा पडायचे त्या मातीत. म्हणून तर वाटायचं, लागतंय. मग वरून ढेकूळ पालथं घालायचो."

 एदिल्माने बरणी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली. पोकळ दाणे म्हणजे अळ्यांचे कोश, त्यांतून माश्या उडून गेलेल्या. मऊ माती, वर झाकण, पाऊस लागत नाही, कोंबडी उकरत नाही. याहून चांगला पाळणा कोणत्या आईने केला असता!

"दिदिमोचं वासरू," तो शेवटी म्हणाला.

"हं."

"राखणदाराची घोडीपण मीच?"

गोठ्यातून कनेला हंबरली, लांब आणि खालच्या आवाजात. एदिल्माने वळून बघितलं. दोन पांढरे खूर बाहेर दिसत होते.

"मी त्या पोरीला फोन करते," ती म्हणाली.

"नको." त्याने कुंपणाची तार धरली. "दवाखान्यात नेतील मला. सगळी वस्ती बघेल. किडे काढणाऱ्याला किडे पडले, म्हणतील. मग मला कोण बोलावणार? माझ्याजवळ आहे काय दुसरं?" मग एकदम हळू आवाजात, "मी तुला गुपित देतो. तू बाई आहेस, तुला चालतं. गुड फ्रायडे नाही, पण देव समजून घेईल. तू माझं पाऊल घाल. दुसऱ्याने घातलं की लागतं. कोणाला बोलवायला नको, तुझ्या फाटकाला पट्टी नको, काही नको."

खोटं कशाला बोला, एदिल्माला ते क्षणभर पटलं. पट्टी नको, बोभाटा नको, म्हातारा बरा, वासरू बरं. किती सोपं. तिने कनेलाकडे बघितलं. खुरांच्या मागे आता नाकाचा शेंडा आला होता, आणि त्या ओल्या नाकाभोवती एक माशी घिरट्या घालत होती. साधी की ती, हे इतक्या लांबून कळत नव्हतं. तेच तर. काहीच इतक्या लांबून कळत नव्हतं.

"द्या," ती म्हणाली.

त्याने कुंपणावरून वाकून तिच्या कानात सांगितलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच छोटं निघालं. त्यातला एक शब्द तर तिची आई गेल्यापासून तिने ऐकला नव्हता. तिने सुरी घेतली, फाटकातून बाहेर आली, आणि फाटक मागे लावून घेतलं. रस्त्याच्या चिखलातलं त्याचं डावं पाऊल कापलं, पालथं घातलं, काड्या ठेवल्या, आणि एक अक्षरही न गाळता म्हटलं. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती.

मग तिने सुरी झग्याला पुसली आणि खिशातून फोन काढला.

"तू फसवलंस मला," निकानोर म्हणाला.

"नाही फसवलं. शब्दांनी जेवढं व्हायचं तेवढं केलं. आता उरलेलं चिमट्याने होऊ दे." फोन कानाला लावून ती पुढे म्हणाली, "इत्सेल? ये. हो, फाटक उघडंच ठेवते. आणि बूट धुऊन ये."

इत्सेल ओढ्यापलीकडेच होती, दिदिमोकडे. ती पोचली तोवर वासरू जमिनीवर पडलं होतं आणि कनेला ते चाटत होती. कालवड. दालचिनीच्या रंगाची, कपाळावर पांढरा थेंब. एदिल्मा झग्याचा घेर हलवत माश्या वारत बसली होती, आणि तिच्या गालांवरून जे वाहत होतं त्याला ती घाम म्हणत होती. इत्सेलने नाळ मुळापर्यंत जांभळ्या औषधात भिजवली, कालवड उलटी करून पोट बघितलं, पुन्हा मारलं.

"आता बाहेर एक बैल आहे," एदिल्मा म्हणाली. "शहात्तर वर्षांचा. मागचा डावा पाय."

इत्सेलने निकानोरचा पाय बघितला आणि तिचा चेहरा पांढरा झाला. "दोन्या, मी जनावरांची डॉक्टर आहे. यांना दवाखान्यातच न्यायला हवं."

"मग ने. पण आधी झाक. वस्तीतून जाताना कोणाला दिसायला नको."

"आणि मला लिहावं लागेल. तुमच्या फाटकालाही पट्टी लागेल."

"लाव. तुझ्या नकाशात कोणाचं नाव घालणार आहेस?"

इत्सेलने म्हाताऱ्याकडे बघितलं. तो समोरच्या टेकडीकडे बघत होता. "नकाशात नाव घालत नाही, दोन्या. टिपका घालते."

जीपमध्ये निकानोर पुढे बसला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. पालथ्या पावलांच्या जागा त्याने स्वतःच एकेक करून सांगितल्या. एकूण नऊ. गाडी सुरू करताना इत्सेल सहज बोलून गेली, तिला बिचारीला काय माहीत, की पोट भरलं की सात दिवसांत अळ्या आपोआपच जखम सोडतात, मातीत जायला. काही केलं तरी आणि नाही केलं तरी. निकानोरने टोपी आणखी खाली ओढली. एदिल्माला ते काचेतून दिसलं, आणि त्या क्षणी तिला ही पोर पुन्हा थोडी नकोशी वाटली.

दवाखान्यात त्याच्या पायातून एकवीस निघाले. हा आकडा वस्तीत कसा पोचला कोणास ठाऊक. एनेइदा शपथेवर सांगते की तिने तो कोणालाही सांगितला नाही. डॉमिनोच्या टेबलावर आठवडाभर त्याच्या नावाने विनोद झाले. मग दिदिमोने आपल्या दुसऱ्या वासराच्या कानातला ओरखडा स्वतःहून इत्सेलला दाखवला, तेव्हा विनोद जरा थांबले. साएसांनी दाखवायला चार दिवस घेतले. ते साएसच.

कालवडीची नाळ सहाव्या दिवशी वाळली, नवव्या दिवशी गळली. तोवर एदिल्मा दिवसातून पाच वेळा कालवडीच्या पोटाखाली आडवी होऊन बोट फिरवायची आणि बोट नाकाला लावायची. दुधाचा वास यायचा, कनेलाच्या जिभेचा यायचा. एवढं असूनही ती सहाव्यांदा जायची.

तेराव्या दिवशी निकानोर आला. नवे गमबूट, काठी तीच. इत्सेलची पट्टी ओलांडायला माणसांना मनाई नव्हती. तो सरळ गोठ्याकडे यायला निघाला.

"थांबा," एदिल्मा म्हणाली.

"कालवड बघायला आलोय. सरकारने सोडलं मला. कागद आहे."

"कागद खिशात ठेवा. बूट काढा."

 या मुलीने लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून आंबे तोडले होते. मग दगडावर टेकून त्याने बूट काढला, पायजमा वर केला. घोट्याच्या वर गुलाबी, ताणलेली नवी कातडी. एदिल्मा गुडघ्यावर बसली, बोटाने दाबून बघितलं, वाकून वास घेतला.

"झालं समाधान?"

"दुसरा पण."

"दुसऱ्याला काय झालंय?"

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली, आणि वाट बघत बसून राहिली. निकानोर कण्हत, शिव्या देत, उजवा बूट ओढू लागला.